जिताड्यानंतरच्या कॅसेटी

आमच्या घरात दोन पक्ष होते. एका पक्षात आई, बाबा, माझा मोठा भाऊ रमाकांत आणि शेजारीपाजारी, किंबहुना अख्खं पनवेल म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या पक्षात मी एकटी. भांडण कशावरून, तर उधाण बँजो पार्टीवरून. उधाण बँजो पार्टी तुम्हाला माहीत नसेल तर त्यात नुकसान तुमचं आहे, माझं नाही. आमच्या आगरी लोकांत हळदीला, साखरपुड्याला, पालखीला जो बँजो वाजतो तो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याला वीज जोडली, शेजारी ढोलकी, ताशा आणि खुळखुळा घेऊन माणसं उभी केली, की बसलेला माणूस बसून राहत नाही. अशा पार्ट्या तेव्हा गावोगाव होत्या. पण 'जिताडा' काढणारी एकच होती.

'जिताडा' ही त्यांची पहिली कॅसेट. काय सांगू तुम्हाला! उरण नाक्याजवळ उस्मानभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. मी बाजारातून कोलंबी घेऊन घरी निघाले होते आणि त्यांनी दारातल्या स्पीकरवर ती लावली. बँजो असा काही कडकडला की माझे पाय जागच्या जागी थांबले. 'जिताडा आनला पावन्यानं, सासू लपली लाजंनं.' नवा जावई पहिल्यांदा सासरी येताना हातभर लांब जिताडा मासा घेऊन येतो आणि त्याच्या डोक्याच्या तुकड्यावरून घरात जी जुंपते, तिचं ते गाणं. गाणारा बेंबीच्या देठापासून गात होता, मागे कोणीतरी मनापासून हसत होतं, मध्येच एक कोंबडा आरवलेला ऐकू येत होता. तो गाणारा म्हणजे ओवे गावचे धर्माकाका, उधाणचे मालक, आणि ती कॅसेट त्यांनी स्वतःच्या अंगणात बसून भरली होती, हे मला नंतर कळलं. मी एक बाजू ऐकली, मग दुसरी ऐकली, मग उस्मानभाईंना म्हटलं, पुन्हा पहिली लावा. घरी पोचले तेव्हा कोलंबीला वास सुटला होता. आईनं कोलंबी उकिरड्यावर टाकली आणि मला उभी-आडवी धुतली. मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

त्या वर्षी 'जिताडा'नं धुमाकूळ घातला. रिक्षात जिताडा, सलूनमध्ये जिताडा, न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या केबिनीत जिताडा. आमच्या रमादादाला एकही गाणं सुरात म्हणता येत नसे, तोही आंघोळ करताना तेच ओरडायचा. आणि मग दुसरी कॅसेट आली. तिचं नाव 'पुन्हा जिताडा'. नावावरूनच काय ते समजा. मुंबईच्या कुठल्यातरी स्टुडिओत जाऊन भरलेली, ऑर्गन घातलेला, कोंबडा गायब, आणि मागचं हसणं पैसे देऊन हसवल्यासारखं. लोकांनी एकदा ऐकली आणि पुन्हा पहिली लावली. तिसरीचं नाव 'उधाणाची लाट'. ती तर एकदाही कोणी धड ऐकली नाही. उस्मानभाई माणूस सरळ. मी तिसरी मागायला गेले तेव्हा गल्ल्यावरून वाकून म्हणाले, "बेटा, हे काय खास नाही निघालं. तुझ्यासाठी म्हणून एक मागवली, पण सच्ची बात सांगतो, पहिलीच नवी घेऊन जा. जुनी घासली असेल ना?"

"पहिली आहे माझ्याकडे. मला तिसरी द्या," मी म्हटलं.

"अजीब पोरगी आहे," असं म्हणून त्यांनी ती फडक्यानं पुसून माझ्या हातात ठेवली.

आमचा टेपरेकॉर्डर तांदळाच्या कोठीवर असायचा, त्यामुळे त्याच्या बटणांवर कायम पिठूळ थर. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर होते. रात्रपाळी करून आले की आंबूस वासाचे कपडे बाहेरच्या दोरीवर टाकायचे, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायचे आणि माजघरात आडवे व्हायचे. त्यांची झोप मोडली की घरात कोणाची खैर नसे. तेव्हा मी आवाज अगदी बारीक करायची, कोठीवर डोकं टेकवायची आणि स्पीकरच्या जाळीला कान लावायची. आई पाटावर भाकऱ्या थापतेय, चुलीवर तवा तापलाय, बाबा घोरतायत आणि माझ्या एका कानात उधाण बँजो पार्टी. जिताडा सगळीकडे मोठ्यानं वाजत होता, तो असा ऐकायची गरजच नव्हती. अशा चिकटून ऐकल्या त्या दुसरी आणि तिसरी. कान जाळीला लावला की माणसाला शब्द ऐकू येतात. गाणारा कुठे श्वास घेतो, कुठे चुकतो आणि सावरून घेतो, तेसुद्धा ऐकू येतं. तिसरीच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी मिठागराचं एक गाणं होतं. चाल रडकी नाही, पण संथ. नाचायला निरुपयोगी. मला ते का आवडायचं हे मला सांगता येत नसे.

आई म्हणायची, "कान किटलं माजं. तुजा धर्मा एकदाच चांगला वाजला. आता नुसता बोंबलतो." मी म्हणायची, "तू ऐकतेस कुठे?" ती म्हणायची, "ऐकायला हाय काय त्याच्यात?" असं रोज चालायचं.

माझा भाचा परवा मला विचारत होता, "आत्या, एखाद्या बँडचा एकच अल्बम चांगला असेल तर तेवढाच ऐकायचा ना, बाकीचे कशाला ऐकायचे?" त्याच्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत आणि एकाचंही मधलं कडवं त्याला येत नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या बापाला एकदाच शंभरपैकी शंभर पडले होते, आम्ही त्याला नंतर घरातून काढला का? तो हसला. माझं डोकं अजून तापतं या विषयावर. आता आमच्या नव्या पनवेलच्या बिल्डिंगवरून विमानं जातात आणि खिडकी लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही, तरी तापतं.

तर रमादादाचं लग्न ठरलं. लग्न ठरलं की आमच्याकडे पहिला प्रश्न मुलीकडचे काय देणार हा नसतो, हळदीला बँजो कोणाचा हा असतो. माझा चुलतभाऊ सुनील, आम्ही त्याला सुन्या म्हणायचो, उड्या मारतच आला. उरणकडची एक ऑर्गन पार्टी तेव्हा जोरात होती. माणसाएवढे स्पीकर, रंगीत दिवे, चकचकीत शर्ट. सुन्याला तीच पाहिजे होती. मी म्हटलं, "उधाण." घरात हशा पिकला. सुन्या म्हणाला, "हेमे, ते म्हातारे झाले गं. त्यांना आता कोण बोलवतो? एक गाणं हाय त्यांच्याकडे, एक! हळद काय एका गान्यावर जाते?"

मी तीन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाही. आई वाढायची, मी खाली मान घालून खायची. खाणं नाही सोडलं, जिताड्याचं कालवण होतं, ते कोण सोडणार! शेवटी बाबा वैतागले. म्हणाले, "बोलवू तुज्या उधाणला. पन सुन्याची पार्टी टेम्पोत बसून गल्लीच्या तोंडाशी राहील. मांडव थंड पडला, तर मी उधाणला बिदागी देईन आनि उठवीन. मंग रडायचं नाय." मी म्हटलं, "कबूल." त्या वेळी मला वाटलं, मी जिंकले.

सुपारी द्यायला, म्हणजे ठरवून विडा-नारळ द्यायला, बाबांबरोबर मीही हट्टानं ओव्याला गेले. धर्माकाका अंगणात जाळं विणत बसले होते. बुटके, काळेसावळे, पुढचा एक दात नसलेले. ज्या आवाजानं मला भर नाक्यावर उभं केलं, तो या माणसाचा, हे डोळ्यांना पटत नव्हतं. पडवीत गोधडीखाली बँजो झाकून ठेवला होता. बाबांनी नारळ पुढे केला तर काका लगेच हात पुढे करेनात. म्हणाले, "आमालाच द्याची हाय ना? या साली एक बी सुपारी नाय आली. मागच्या हळदीला अर्ध्यातून उठवला आमाला. मांडवातून उठवलेला बँजो, दादा, परत कोन बोलवत नाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्याकडं वाजवतो. पन तिथून बी उठवला, तर यो बँजो इकतो आनि जाल्यावर जातो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं.   टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

हळदीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुली, त्यांवर मटणाचे टोप, आणि एका भल्यामोठ्या कढईत आई वडे सोडत होती. तांदळाच्या पिठाचे ते आमचे वडे, फुगून असे टम्म होतात की पोरं कढईभोवती घोटाळत राहतात. मांडवाला उंबराच्या फांद्या, आंब्याचे टाळे. पाट्यावर हळद वाटली जात होती आणि मधोमध हिरूआजी बसली होती. हिरूआजी आमची धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात, त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती एक ओळ म्हणते, भोवतीच्या बायका तीच ओळ उचलतात. तिचे धवले संपेपर्यंत मांडवात दुसरं कुठलंही वाद्य वाजायचं नाही, मग ते कितीही मोठ्या पार्टीचं असो. उधाणवाले कोपऱ्यात तारा जोडून, हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. सगळ्यांनी एकसारखे लाल शर्ट घातले होते, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. 

हिरूआजी थांबली, रमादादाला हळद लागली, आणि धर्माकाकांनी बँजोवर बोटं टाकली. जिताडा! अहो, मांडव उठला! म्हातारे, पोरं, कडेवरच्या बाळासकट माझी आत्या, सगळे नाचले. ऊन अजून नारळीच्या शेंड्यावर होतं आणि धुरळा गुडघ्यापर्यंत उडत होता. मी सुन्याकडे बघून भुवया उडवल्या. मग काकांनी दुसऱ्या कॅसेटमधलं एक वाजवलं, ते काही लोकांनी उचललं नाही. माणसं घाम पुसत कडेला गेली. कोणीतरी ओरडलं, "जिताडा!" काकांनी पुन्हा जिताडा घेतला. मग आणखी एक दुसरं, पुन्हा ओरडा, पुन्हा जिताडा. पण आता निम्मीच माणसं नाचत होती, तीही चेष्टेनं. पुन्हा एकदा जिताडा सुरू झाला आणि सुन्याच्या टोळक्यातून एकजण ओरडला, "अरे काढा बाहेर! जिताडा वास मारायला लागला!"

मांडव असा हसला की ढोलकीवाल्याचा हात चुकला. ढोलकीवाले म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. बँजो थांबला. सुन्या गल्लीच्या तोंडाकडे निघाला आणि बाबा खुर्चीतून उठले. त्यांचा हात खिशात गेला, बिदागीचं पाकीट त्या खिशात होतं हे मला माहीत होतं. धर्माकाकांनी बाबांना उठताना पाहिलं. ते खाली वाकले आणि बँजोची वायर सोडवू लागले.

मी करवली. नवी साडी, कोपरापर्यंत हळद, केसांत गजरा. मी माणसांना ढकलत काकांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काका, मिठागर वाजवा."

"कंचं मिठागर?"

"तुमचं. तिसरी कॅसेट, दुसरी बाजू, शेवटचं."

काकांनी भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "आपलं हाय ते?" पुढच्या रांगेत पुन्हा हशा. काकांचा चेहरा मात्र हसला नाही. ते हळूच म्हणाले, "पोरी, त्या गान्याची फर्माइश कोनी केलीच नाय कदी. भरलं तवा गायलो, तेवढंच. चाल बोटान असंल. शब्द नाय येत मना."

"मला येतात," मी म्हणाले.

 बायकांनी धवले गावेत, बँजोचा माइक पुरुषांचा, असं आमच्याकडे होतं. कुणी नियम केला नव्हता, पण कुणा बाईनं तो हातात धरलेला मी पाहिला नव्हता. बाबा "हेमे!" म्हणून ओरडले ते मला ऐकू आलं. मी माइक उचलला. हळदीच्या हातानं तो पिवळाजर्द झाला. काकांनी वायर पुन्हा जोडली, आणि बोटं बटणांवर चाचपडत चाचपडत फिरली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चाल सापडली. मी सुरू केलं, 'मिठागरावं सावली नाय गो, तुजे पदराखाली जागा हाय का?'

 कोणी नाचलं नाही. सुन्या परत येऊन मांडवाच्या खांबाला टेकून हसत उभा होता. मी डोळे मिटून घेतले आणि कोठीवर डोकं टेकवून ऐकायची तसं ते गाणं आठवत गेले. दुसरं कडवं आलं, 'आयेच्या अंगनान मीठ सांडलं, येचता येचता लगीन लागलं.'

"थांब," हिरूआजीचा आवाज आला. मी थांबले. वाटलं, झालं, आता हीसुद्धा रागावणार. ती म्हणाली, "परत म्हन."

मी परत म्हटलं. आणि हिरूआजीनं ती ओळ उचलली. तिच्या त्या जुन्या, सरळ, माइकशिवायच्या आवाजात. तिनं उचलली म्हटल्यावर भोवतीच्या बायकांनी उचलली, धवल्याची उचलतात तशीच. आयेच्या अंगनान मीठ सांडलं. मागच्या अंगणातून कोणीतरी धावत आलं. आई होती. हातात झारा, तेल ठिबकतंय, कपाळावर पीठ. आई लग्नाआधी तिच्या आईबरोबर मिठागरावर कामाला जायची. पायांना भेगा पडायच्या आणि त्यात मीठ जायचं, हे तिनं मला कधीतरी सांगितलं होतं, मी ते कधी गाण्याशी जोडलंच नव्हतं. ती मांडवाच्या दारात उभी राहून ती ओळ म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ढोलकीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ठेका वाढवला. ताशा आला, खुळखुळा आला, काकांची बोटं आता चाचपडत नव्हती. आणि आईनं झारा वर धरला आणि नाचायला लागली! माझी आई! मागोमाग आत्या, मग काकू, मग मांडवातली यच्चयावत बाई. हिरूआजी बसल्या बसल्या हात हलवत होती. मांडवात पुरुषांना जागाच उरली नाही, ते कडेला उभे राहून टाळ्या पिटत होते. मी तेच कडवं किती वेळा म्हटलं देव जाणे, थांबू लागले की बायका ओरडायच्या, "मीठ! मीठ!" बाबांचा हात कधी खिशातून बाहेर आला मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते दोन्ही हात वर करून नाचत होते.

सुन्या तेवढा नाचला नाही. टेम्पोतली ऑर्गन पार्टी मात्र आवाज ऐकून आत आली आणि नाचली. आईनं त्यांनाही वडे-मटण वाढलं, चकचकीत शर्टांवर रस्सा सांडेपर्यंत.

जेवणं झाल्यावर धर्माकाका हात धुवायला मागच्या अंगणात आले. मी पाणी घालत होते. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "पोरी, एक इचारू? खरं सांगशील? तुला ही गानी आवडतात, का आमची कीव येते?"

मला असा राग आला म्हणून सांगू! मी तांब्या आपटला. म्हटलं, "कीव कशाला करू? दुसरीतली चार गाणी रद्दी आहेत. तिसरीतला ऑर्गन ऐकवत नाही. तुम्ही मुंबईला गेलात आणि कोंबडा घरी विसरलात. पण जिताडा सगळ्यांचा आहे, काका. बाकीच्या कॅसेटी माझ्या आहेत."

 ते दात नसलेलं तोंड उघडून पहिल्यांदा नीट हसले. "मंग चवथी काढतो," म्हणाले.

आणि काढली त्यांनी! पुन्हा ओव्याच्या अंगणात बसून भरली. आता इतकी वर्षं गेल्यावर खोटं कशाला बोलू, जिताड्याची सर तिला नव्हती. पाचवीलाही नव्हती, सहावीलाही नव्हती. पण ते पुढे किती वर्षं मांडवात वाजवत राहिले, आणि आमच्या भागातल्या हळदीत बायका 'मीठ' मागू लागल्या, हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

चौथी दुकानात येणार होती त्या दिवशी मी सकाळपासून उंबऱ्यावर टपून होते. उस्मानभाईंचं दुकान उघडायच्या वेळेला चपला घातल्या. आई पाटावर भाकरी थापत होती, बाबा माजघरात पाळीची झोप घेत होते. मी पाऊल बाहेर टाकलं आणि मागून आईचा दबका आवाज आला.

"ए हेमे, दोन आन. तुजी तू मना हात लावू देत नाय."